नवशिक्याचा बोर्ड

"नवशिक्याचा बोर्ड? मला?" अलोइसआजोबांनी तो लवचिक स्नोबोर्ड काउंटरवर आपटला. "पन्नास वर्षं स्की शिकवलंय मी या टिरोलच्या डोंगरांत! तुझ्या बापाला बर्फावर उभं कुणी केलं?"

"तुम्हीच. पण नातीने डिवचलं म्हणून स्नोबोर्डवर आज पहिल्यांदाच चढताय ना?" भाड्याने सामान देणाऱ्या बुर्गीचंही डोकं तापलं होतं. सकाळपासून असे चार उस्ताद येऊन गेले होते.

"मला अक्कल शिकवू नकोस! हे दुकान मी काढलंय. तो पट्टीच्या खेळाडूंचा कडक बोर्ड दे मुकाट्याने!"

काउंटरच्या आतल्या बाजूला चिकटवलेलं पिवळं पडलेलं कार्ड बुर्गीने उचकटलं आणि त्यांच्या नाकासमोर धरलं.

 

अक्षर आजोबांचंच होतं: "जो जास्त ओरडेल, त्याला नवशिक्याचंच सामान द्यायचं."