देल्फिनाची परीक्षा

कोचाबांबा शहरात अनसेल्मो मास्तरांच्या हाताखाली देल्फिना दीड वर्षं नळकामाची उमेदवारी करत होती. आज तिची परीक्षा होती. एका नव्या बंगल्यातल्या तिन्ही न्हाणीघरांचे नळ तिने एकटीने जोडायचे आणि मास्तरांनी नुसतं बघायचं. हात सफाईने चालत होता, पण जीव थाऱ्यावर नव्हता. पाना फिरवता फिरवता ती सारखी घड्याळ बघत होती.

"अगं, त्या घड्याळाशी लग्न लावलंयस का?" मास्तर वैतागले. "एक सांधा जरी गळला ना, तर आणखी सहा महिने माझी हत्यारं उचलत बसशील!"

"झालंच, मास्तर."

तिने शेवटचा नळ आवळला आणि मुख्य कॉक उघडला. तिन्हीकडे धो धो पाणी आलं. सांध्यांतून एक थेंबही गळला नाही.

मास्तरांचा चेहरा खुलला. "शाब्बास! आजपासून तू कारागीर. चल, पेलाभर चिचा माझ्याकडून, चांगली मक्याची दारू!"

देल्फिना केव्हाच पिशवी उचलून दारात पोचली होती.

 

"नंतर पिऊ, मास्तर. चारचा टँकर चुकला तर पोरं तहानलेली राहतील. आमच्या टेकडीवर अजून एकही नळ आलेला नाही."