महामायाची चार हृदयं

महिन्यातून एकदा नागपूरहून बुलढाण्याला येणाऱ्या हृदयाच्या डॉक्टरीणबाईंनी भाऊरावांच्या हातावर प्लास्टिकचं हृदय ठेवलं. स्कॅनवरून थ्रीडी प्रिंटरवर छापलेलं ते त्यांच्या एकोणीस वर्षांच्या लेकीचं, महामायाचं होतं, मधल्या छिद्रासकट हुबेहूब. “अशी चार छापून ऑपरेशनचा सराव केला. तीनदा फसलं, चौथ्यांदा जमलं.” भाऊरावांनी विचारलं, “थे तिन्ही डाव पोरीवर झाले असते तं?” “वाचली नसती.” ते ताडकन उठले. “चाल वं माय, घरी.” महामाया जागची हलली नाही. धाप आवरत ती म्हणाली, “बाबा, ‘माहं चुकलं’ असं आजवर कोन्या डॉक्टरनं सांगतलं काय? बाईंवर माहा भरवसा हाय.” तिनं संमतीपत्रावर सही केली. मग भाऊरावांनीही पेन मागितलं. नागपूरला ऑपरेशन सात तास चाललं. दुसऱ्या सकाळी महामायानं डोळे उघडले. “बाबा, काही खाल्लं काय तुमी?”