‘ऐरण’चा आवाज

गिटारचा तिसरा अ‍ॅम्प्लिफायरही वृंदाने नापास केला.

“आवाज मोठा आहे, भारी नाही,” ती म्हणाली आणि गिटारची वायर उपसून चौथ्यात खुपसली. नोएडाच्या सेक्टर अठरामधल्या त्या दुकानदाराने एव्हाना हात टेकले होते. विश्वास मात्र स्टुलावर बसून कौतुकाने बघत होता. तो तिचा धाकटा भाऊ, बँडचा ड्रमर आणि अलीकडे बँडचा मॅनेजरही. गुरगावच्या फेस्टिव्हलचं बोलावणं त्यानेच मिळवलं होतं. कार्यक्रम परवावर आला होता. सामान दुकानातून थेट तिकडेच जायचं होतं. इतक्या वर्षांत त्यांच्या ‘ऐरण’ बँडला पहिल्यांदाच कोणी धड स्टेज देत होतं. त्या स्टेजसाठी वृंदा रोज ऑफिसमधून आल्यावर बोटं सोलवटेपर्यंत वाजवत होती.

‘ऐरण’ हे नावही तिचंच. दिल्लीत आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरमध्ये वाढलेल्या विश्वासला ऐरण म्हणजे काय हेच ठाऊक नव्हतं. लोहार जिच्यावर तापलेलं लोखंड ठेवून घण घालतो ती, असं तिने सांगितल्यावर तो खूश झाला होता. “अच्छा! मग घण माझा,” म्हणाला होता.

चौथा अ‍ॅम्प तिला पटला. आवाजाला खरखरीत धार देणारा गेनचा नॉब तिने निम्म्यावरच ठेवला. नवशिके तो पूर्ण पिळतात आणि मग सुरांचा नुसता चिखल होतो. पुढे ओव्हरड्राइव्हचं छोटं पेडल जोडलं, म्हणजे खालचे सूर ढिले पडत नाहीत. मिडचा, म्हणजे मधल्या पट्टीतले सूर उठवणारा नॉब मात्र मध्याच्याही पुढे नेला. त्या बाबतीत ती कोणाचं ऐकत नसे, कारण एकदा चांगलाच चटका बसला होता. कॉलेजातल्या पहिल्या कार्यक्रमात तिने मिड शून्यावर नेला होता. खोलीत एकटीने वाजवताना तो आवाज असा दणदणीत वाटला होता, की विचारू नका. स्टेजवर ड्रम आणि बेस सुरू झाले आणि तिची गिटार त्यांच्यात पार बुडाली. लोकांना तिची बोटं दिसत होती, सूर एकही पोचला नाही. घरी येऊन ती ढसाढसा रडली होती. विश्वास ड्रमच्या मागे होता. कॉलेजचे स्पीकर भंगार होते, असंच तो आजवर समजत आला आहे.

“यात दम नाही वाटत, यार ताई,” तो आताही म्हणाला. “जरा कोरडंच आहे.”

“स्टेजवर कळेल तुला,” वृंदा हसली.

“बरं, मग खुणा करून ठेव. सगळ्या नॉब्सवर.”

“मला पाठ आहे सगळं.”

“अगं, स्टेजवर अंधारात धांदल होते. कर ना.”

तेही खरंच होतं. नॉबची रेघ जिथे आणायची तिथे वादक ठिपका देऊन ठेवतातच. वृंदाने पर्समधून लाल नेलपॉलिशची बाटली काढली आणि आधी पेडलवर ठिपके दिले. आपल्या धांदरट भावाला आपली एवढी काळजी आहे, हे बघून तिला मनापासून बरं वाटलं.

मागे विश्वास दुकानदाराशी बोलत होता. “भैया, गिटार का पट्टा दिखाओ. ये नहीं, और लंबा. बंदा छह फुट का है.”

वृंदाचा हात थांबला. ‘ऐरण’मध्ये गिटार ती एकटीच वाजवायची. आणि दुकानाच्या काउंटरपलीकडचं बघायला तिला टाचा उचलाव्या लागत.

“कोण बंदा?” तिने विचारलं.

विश्वास पट्टा बोटांभोवती गुंडाळत राहिला. “सांगणारच होतो, ताई. फेस्टिव्हलवाल्यांना एक लूक पाहिजे. सगळे पोरगे, एका वयाचे. तो फक्त वाजवणार गं, साउंड तुझाच राहील ना! म्हणून तर तुला आणलं. तुझ्यासारखा कान कोणाचाच नाही.”

तिला संताप आला. पण संतापापेक्षाही लाज वाटली, मघाशी आपल्याला बरं वाटलं होतं याची. भांडायला तोंड उघडलं असतं तर रडू फुटलं असतं, आणि ते तिला त्याच्यासमोर नको होतं. तिने गिटार पुन्हा मांडीवर घेतली, मिडचा नॉब उलटा फिरवत पार शून्यावर नेला आणि एक जाडजूड तुकडा वाजवला. दुकानाच्या काचा थरथरल्या. पलीकडे लेकीसाठी कीबोर्ड बघणारं जोडपं दचकून वळलं.

विश्वास स्टुलावरून उठलाच. “ये हुई ना बात! हे आधी का नाही केलंस?”

दुकानदाराने नॉबकडे पाहिलं, मग वृंदाकडे पाहिलं आणि तो अ‍ॅम्पचं खोकं आणायला गेला.

‘ऐरण’चा आवाज, ही इतक्या वर्षांची आपली एकुलती एक कमाई आपण आपल्याच हाताने बुडवतो आहोत, हे वृंदाला कळत होतं. तिने शून्यावर लाल ठिपका ठेवला.

विश्वास वाकून बघत होता. “स्टेजवरही असंच ऐकू येईल ना, ताई?”

“बिल्कुल,” वृंदा म्हणाली आणि ठिपका लवकर वाळावा म्हणून त्यावर फुंकर घालू लागली.