शेवटच्या रांगेतले अध्यक्ष

अट एकच होती. गावच्या समितीच्या अध्यक्षांनी शेवटच्या रांगेत बसायचं आणि सभा संपेपर्यंत तोंड उघडायचं नाही.

ते बसले. लक्ष ठेवायला शेजारी मेहुणा बसला. समोर, अध्यक्षांच्या नेहमीच्या खुर्चीत, शेजारच्या गावच्या अध्यक्षा होत्या. धंद्याने टेलर, म्हणून दोन्ही गावांत त्यांना टेलरबाईच म्हणत. आज त्यांनी इथली सभा चालवायची आणि पुढच्या आठवड्यात यांनी तिथली, असं दोघांनी आपसांत ठरवलं होतं.

"एक डॉक्टर आठवड्यातून दोनदा इथे यायला तयार आहेत," टेलरबाई म्हणाल्या. "त्यांना एक खोली हवी. नळ असलेली, रस्त्याकडे दार असलेली. शनिवारपर्यंत नाही मिळाली, तर ते दुसरं गाव बघतील. खोली कुठून आणायची?"

कुणी बोललं नाही.

अध्यक्षांना त्याचं नवल वाटलं नाही. मागच्या सभेतही हेच झालं होतं. शेवटी त्यांनी स्वतःच बाजारातली जुनी शेड सुचवली, हात वर करायला सांगितले, आणि सगळे हात वर झाले. शेड साफ करायच्या दिवशी मात्र झाडू घेऊन ते एकटेच हजर होते.

टेलरबाईंनी पिशवीतून गणवेशाची एक पँट काढली आणि खालची घडी हाताने शिवायला घेतली.

पंख्याचा आवाज ऐकू येऊ लागला. कुणीतरी खोकलं. कुणीतरी खुर्ची सरकवली आणि परत जागेवर आणली. अध्यक्ष पुढे झुकले. मेहुण्याने त्यांचा शर्ट मागून धरला.

"दाजी."

"अरे, पण कुणी बोलतच नाहीये," अध्यक्ष कुजबुजले.

"तुम्ही बोलताय की."

अध्यक्ष मागे टेकले. उजव्या हाताने डाव्या बाहीचं बटण पिळत राहिले.

"बाई, खरं सांगा," पोस्टातल्या बाईंनी पहिल्या रांगेतून विचारलं. "डॉक्टर आमचा, खोली आमची. तुम्हाला यात काय मिळणार?"

"आमच्या गावात उलटं आहे," टेलरबाई म्हणाल्या. सुई थांबली नाही. "सगळे बोलतात, जागचं कुणी हलत नाही. तुमचे अध्यक्ष हलतात. एकटे का होईना, झाडू घेऊन जातात. ते मला शिकायचंय."

शेवटच्या रांगेत अध्यक्षांची मान जरा ताठ झाली.

"शेडमध्ये नळच नाही," मागून गवंडी म्हणाला. "झाडून काय उपयोग?"

मग हे त्या दिवशी का नाही बोललास? प्रश्न अध्यक्षांच्या ओठांपर्यंत आला. बटण तुटून त्यांच्या हातात आलं.

टेलरबाईंनी दोरा दातांनी तोडला आणि पँटचा दुसरा पाय शिवायला घेतला. त्या कुणाकडे बघत नव्हत्या.

"माझ्याकडे आहे," बेकरीवाला म्हणाला. तो उभा राहिला, बसला आणि परत उभा राहिला. "खोली. बेकरीच्या मागे. पूर्वी पिठाची पोती असायची तिथे. नळ आहे. दार रस्त्यावरच उघडतं. भट्टीची भिंत असल्यामुळे थंडीतही ऊब असते."

"उंदीर?" पोस्टातल्या बाईंनी विचारलं.

"मांजर आहे."

"डॉक्टरांना मांजर चालेल का?"

"डॉक्टरांना तुम्ही विचारा. मांजराला मी विचारतो."

हसण्याची एक लाट मागच्या रांगेपर्यंत आली. टेलरबाईंनी आता मात्र मान वर केली. "एवढी खोली होती, तर आधी का नाही सांगितलंत?"

बेकरीवाल्याने मागे पाहिलं नाही. "मागच्या सभेत मी उठलो होतो. 'माझ्या बेकरीच्या मागे' एवढंच म्हणालो, तर अध्यक्ष म्हणाले, 'तुमच्या गाडीच्या पार्किंगचं नंतर बघू.' मग बसलो."

या वेळी कुणी हसलं नाही. मेहुण्याने शर्ट घट्ट धरला, पण गरज नव्हती. अध्यक्षांना ते वाक्य आठवत होतं. तक्रार वाढण्याआधीच आपण ती मिटवली, असं समजून त्यांनी ते त्या रात्री बायकोला खुशीत सांगितलंही होतं.

पुढचं सगळं भराभर झालं. गवंडी म्हणाला, भिंतीला चुना उद्याच मारतो. सुताराने दोन बाकं कबूल केली. पोस्टातल्या बाईंनी पडद्याचं कापड देते म्हटलं आणि टेलरबाईंकडे पाहिलं.

"शिवते," टेलरबाई म्हणाल्या. "शिलाई लागेल."

सभा संपल्यावर त्या पिशवी घेऊन मागे आल्या. अध्यक्षांची मिटलेली मूठ त्यांनी पाहिली, मग उघडी बाही.

"द्या, लावून देते. सुई अजून हातातच आहे."

"राहू द्या," अध्यक्ष म्हणाले आणि बटण खिशात टाकलं. मघाची कुजबुज सोडली, तर आजचा त्यांचा हा पहिलाच आवाज, आणि तोही नेहमीपेक्षा हळू.

"ताईला सांगायला हवं," मेहुणा जाता जाता म्हणाला. "जमतं म्हणून."

हॉल रिकामा झाला. अध्यक्ष खुर्च्या एकावर एक रचू लागले. दुसऱ्या टोकाकडून बेकरीवाला रचत आला. मधल्या रांगेत दोघं समोरासमोर आले.

"अध्यक्ष," तो म्हणाला, "त्या खोलीचं एक..." आणि थांबला.

भाड्याचं असणार. नाहीतर किल्लीचं. दोन्हीची उत्तरं अध्यक्षांकडे तयार होती. त्यांनी तोंड उघडलं आणि मिटलं. हात खिशातल्या बटणाकडे गेला.

बाहेर टेलरबाईंची स्कूटर सुरू झाली, वळणावर गेली, आवाज विरत गेला. बेकरीवाला अजून शब्द शोधत होता. अध्यक्ष खुर्चीला टेकून उभे होते.