पाचोऱ्याची लाईन

"पाचोऱ्याची लाईन तेवढी तोडू नका," प्रमिलाबाई म्हणाल्या. "तिकडे अडलेली बाई ऑपरेशनच्या टेबलावर आहे."

तोतारामने मान हलवली, पण पडद्यावरची नजर काढली नाही. जळगावच्या त्या रक्तपेढीचा सर्व्हर त्याच्या ताब्यात होता. धुळे, पाचोरा आणि मुक्ताईनगरची केंद्रं फोनच्या लाईनीने त्याला जोडलेली. कोणत्या फ्रीजमध्ये कोणत्या गटाची बाटली आहे, ते सगळ्यांना एकदम दिसायचं. अठ्ठ्याण्णव साली खान्देशात याचं मोठं अप्रूप होतं.

आज मात्र घोळ झाला होता. पाचोऱ्याला ओ निगेटिव्ह रक्त हवं होतं आणि पडद्यावर ते कुठेच नव्हतं. तेवढ्यात धुळ्याच्या केंद्रातून मंजुळाबाईंचा फोन आला.

"अहो, आमच्या फ्रीजमध्ये ओ निगेटिव्हची एक बाटली आहे की! कॉम्प्युटरवर दिसत कशी नाही? आणि कॉम्प्युटरवर तिचा नंबर पडल्याशिवाय मी ती हलवू कशी?"

तोतारामने प्रोग्राम उघडला. शोधाच्या भागात एक ओळ सापडली. एका ठरावीक दात्याची बाटली वगळायची, एवढंच तिचं काम. का वगळायची, ते कुठे लिहिलेलं नव्हतं.

"पितांबरने चाचणीसाठी घातली असेल आणि काढायची राहिली," तो म्हणाला.

प्रोग्राम पितांबरनेच लिहिला होता. मागच्या आठवड्यात तो नाशिकला नव्या नोकरीवर गेला होता.

"त्यांना एकदा विचारायचं का?" प्रमिलाबाई पेढीवर नुकत्याच रुजू झाल्या होत्या, त्यामुळे जरा बिचकत बोलायच्या.

"नाशिकचा फोन लागेपर्यंत बाई थांबणार आहे का? चूक डोळ्यांना दिसतेय."

त्याने ओळ काढून नवा प्रोग्राम तयार केला. आता खरी कसरत होती. सर्व्हर बंद करून चालू केला तर सगळ्या लाईनी तुटणार, आणि पाचोऱ्याची लाईन तुटली की पुन्हा लागता लागत नसे. म्हणून त्याने जुना चालू ठेवून शेजारीच नवा सुरू केला. धुळे आणि मुक्ताईनगरला सांगून त्यांच्या जोडण्या नव्यावर घेतल्या. पाचोरा तेवढा जुन्यावर राहिला.

त्याने पाचोऱ्याच्या केंद्रावरच्या उखर्डूला फोन लावला. "उखर्डूभाऊ, जरा वेळ कळ दाबू नका."

"नही दाबत. पन लाईन तोडू नका हां भाऊ!"

तोतारामने हुकूम दिला. जुन्या प्रोग्रामने हातातलं काम जपलं, लाईन धरून ठेवली आणि तशीच नव्याच्या हवाली केली. मोडेमचा हिरवा दिवा एकदाही विझला नाही.

"आता शोधा."

पलीकडे कळ दाबल्याचा आवाज आला. मग उखर्डू ओरडलाच, "दिखनी! धुळाले एक शे!"

धुळ्याहून जीप निघाली. तोतारामने चहा मागवला, पण तो तसाच गार झाला. दुपार कलली तेव्हा उखर्डूचा फोन आला.

"बाटली लावी दिन्ही भाऊ. बाई आते बरी शे. पोरगी झायी!"

प्रमिलाबाईंनी डोळे पुसले. तोताराम खुर्चीत मागे रेलला. इतक्या वर्षांत आपल्या हातून असं काम झालं नव्हतं, असं त्याला वाटलं. मग त्याला राहवेना. त्याने नाशिकचा नंबर फिरवला.

"पितांबर, तुझी एक चूक निस्तरली बरं का! तीही चालत्या सर्व्हरवर, एकही लाईन न तोडता."

"कुठली चूक?"

"तो ओ निगेटिव्हवाला दाता. त्याला वगळायची ओळ तू तशीच ठेवून गेला होतास."



"तोताराम, ती मी मुद्दाम घातली होती. त्याच्या रक्तात काविळीचे जंतू निघाले होते. पुण्याचा पक्का अहवाल येईपर्यंत ती बाटली कुणाला दिसू द्यायची नाही, असं पेढीच्या मोठ्या डॉक्टरांनी बजावलं होतं. बाटली फ्रीजमध्येच आहे ना?"