टोकाचं मशीन

शेडमधल्या सगळ्या मशीनना आपोआप ग्रीस पुरवणारी यंत्रणा बसली आणि ग्रीसगन घेऊन दिवसभर मशीनमागून मशीन फिरणाऱ्या काकांना वाटलं, चला, देव पावला. आता टाकी भरायची आणि दुखरे गुडघे चोळत बसायचं.

पण कसलं काय! टोकाच्या प्रेसचा लाल दिवा दर दोन-तीन दिवसांनी लागायचाच. दर वेळी तेच, ग्रीसच्या नळीचा नट ढिला. काका अख्खी शेड तुडवत जायचे, नट आवळायचे आणि नव्या यंत्रणेच्या नावानं बोटं मोडायचे. प्रेसवरचा अण्णा पूर्वीसारखाच थर्मासमधला चहा पुढे करायचा. बायको गेल्यापासून तो एकदा बोलायला लागला की थांबायचा नाही, आणि त्या कोपऱ्यात धडधडणाऱ्या प्रेसशिवाय त्याचं ऐकायला होतं कोण?

आज काका दुसऱ्याच कामासाठी तिकडून चालले होते. प्रेसचा दिवा हिरवा होता. तरी अण्णानं चहाचे दोन कप भरून ठेवलेले, आणि स्वतः पाना घेऊन नळीपाशी वाकलेला.

काकांना बघून तो ओशाळला. "तुझी फेरीच बंद झाली रे," एवढंच पुटपुटला.

काका तिथेच बसले, चहा प्यायले, त्याचं सगळं ऐकून घेतलं. मग गुडघ्यांवर हात टेकत उठले, त्याच्या हातातला पाना घेतला आणि नट आवळला.



परवापर्यंत टिकेल, तेवढाच.