चौथा स्क्रू

“दुकानात कशाला? मी आहे ना!” अशी फुशारकी मारून धाकट्या दिराने वहिनीचा कॉम्प्युटर उघडला. आत बोट शिरेना इतकी दाटी. नवी रॅम कशीबशी दाबताना काठावर ठेवलेला झाकणाचा एक स्क्रू आत पडला. डबा उलटा करून हलवला, तरी निघेना.

“झालं का रे, इंजिनियर?”

“केव्हाच!” त्याने तीनच स्क्रूंवर झाकण लावलं आणि रिकामं भोक भिंतीकडे वळवलं.

“मी उगाच शंका घेतली बाई,” वहिनी हसली. त्याचे कान तापले. आत सुटा स्क्रू असताना चालू केला, तर शॉर्टसर्किट होऊन तिचं सगळं काम जळणार होतं.

“वहिनी, थांब. मी खोटं बोललो...”

प्लग त्याच्याच हातात होता, तरी आतून करकर ऐकू आली. त्याने वाकून पाहिलं.

भोकातून स्क्रूचं टोक बाहेर येत होतं. आतून कोणीतरी तो हळूहळू पिळत होतं.